गाडी थरथरते, पण कुठून? मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतलं व्हायब्रेशन शोधण्याची रीत

आपल्याकडे खेड्यात कामाला जुंपलेली गाडी पाहिली की ती बहुतेक मागच्या चाकांना जोर देणारी असते. बोलेरो, बोलेरो पिकअप, स्कॉर्पिओ, जुनी सुमो, क्रूझर, ईको, ओम्नी, छोटा हत्ती, सगळ्या याच जातीच्या. इंजिन पुढे, ओढ मागे, आणि मधून गाडीच्या पोटाखालून जाणारा लांब शाफ्ट. पांदण रस्ता, काळी माती, कापसाचं आणि संत्र्याचं ओझं, उन्हाळ्यातला पंचेचाळीस अंशांचा डांबरी रस्ता हे सगळं या गाड्या सोसतात, आणि एक दिवस सीटखाली थरथर सुरू होते.

तिथून पैसे वाया जायला सुरुवात होते. आधी बॅलन्सिंग करून पाहायचं, मग क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट) टाकून पाहायचा, मग सेंटर बेअरिंग (शाफ्टला मधे धरणारं), मग इंजिनाचं फाउंडेशन (ज्या रबरावर इंजिन बसतं ते). शेवटी थरथर तशीच आणि हंगामाचा पैसा गेलेला. हे टाळता येतं. व्हायब्रेशन कधी येतं, किती वेगाला येतं आणि कशाने बदलतं, एवढं नीट पाहिलं की निम्म्याहून जास्त शक्यता पाना हातात घेण्याआधीच गळून पडतात. म्हणून या लेखात सीटवर बसून करायच्या तपासणीला मी सर्वांत जास्त जागा देतो आहे. नवीन माणूस नेमकी तीच सोडून देतो आणि थेट गाडीखाली शिरतो.

आधी खात्री करा की गाडी खरोखर मागच्या चाकांवर चालते. अर्टिगा, स्विफ्ट, वॅगनआर यांची ओढ पुढच्या चाकांवर असते, त्यांच्यात शाफ्ट आणि क्रॉसचा प्रश्नच येत नाही. इनोव्हातही जुनी आणि क्रिस्टा मागच्या चाकांवर, तर हायक्रॉस पुढच्या चाकांवर आहे. शंका असेल तर वाकून पोटाखाली पाहा. गिअरबॉक्सपासून मागच्या हौसिंगपर्यंत (मागच्या दोन चाकांमधलं लोखंडी खोकं, जिथे शाफ्टची ओढ चाकांकडे वळते) गेलेला गोल पाइप दिसला की हा लेख तुमच्या गाडीसाठी आहे.

आधी धुवा

पावसाळ्यात आणि पेरणीच्या दिवसांत थरथरीचं सर्वांत मोठं कारण रिमच्या आतली काळी माती असते. वावरातून गाडी बाहेर आली की माती रिमच्या आतल्या बाजूला गच्च बसते आणि दोन दिवसांच्या उन्हाने दगडासारखी कडक होते. बाहेरून चाक स्वच्छ दिसतं, आत मात्र एका बाजूला पाव-अर्धा किलोचा थर असतो. बॅलन्सिंगवाला पाच-दहा ग्रॅमच्या फरकासाठी शिशाचे वेट लावतो, हे लक्षात घेतलं तर या थराने काय होत असेल ते कळेल. हात आत घालून चारही रिम चाचपा, खिळ्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने माती उकरून काढा, मग जोराच्या पाण्याने धुवा.

शाफ्टही धुवा. शाफ्टवर चिखल बसतो, शिवाय पऱ्हाटी, दोरी, तार, बारदान्याचा तुकडा गुंडाळला जातो. गुंडाळलेली वस्तू काढल्याबरोबर गाडी शांत झाली, असं पुष्कळदा होतं.

पंक्चर काढल्यानंतर थरथर सुरू झाली असेल तर चाक पुन्हा उतरवा. ड्रम आणि रिम जिथे एकमेकांना टेकतात त्या जागी मातीचा वाळलेला खडा अडकलेला असतो. नट कितीही आवळले तरी चाक तिरकंच बसतं. दोन्ही पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासा आणि नट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे आवळा. रिमच्या काठावर वेट निघाल्याचा ताजा डाग दिसतो का तेही पाहा.

हवा थंड टायरमध्ये मोजा आणि दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला आकडा पाळा. टायरवर हात फिरवून फुगवटा शोधा. आपल्या उन्हाळ्यात, ओझं घेऊन, कमी हवेवर धावलेल्या टायरच्या आतले थर सुटतात आणि तिथे टायर फुगतं. असं टायर बॅलन्स होत नाही आणि कधीही फुटू शकतं. ते बदलायचंच. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेलं. रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) टायर मागे असतील तर माझा पहिला संशय त्यांच्यावर जातो.

आता सीटवर बसून

तपासणीसाठी सरळ, रिकामा, डांबरी रस्ता निवडा. सकाळी लवकर गेलेलं बरं. सिमेंटच्या रस्त्यावर ही तपासणी करू नका. तिथे साधारण साडेचार मीटरवर सांधे असतात, म्हणजे ८० च्या वेगाला सेकंदाला पाचेक ठोके रस्ताच देतो आणि गाडीचा दोष त्यात हरवून जातो. समृद्धीवर किंवा हैदराबाद रस्त्यावर मागून ट्रक येत असताना क्लच दाबून गाडी सोडणं तर धोक्याचंच. सोबत एक माणूस घ्या. तुम्ही चालवा, त्याने वहीत लिहावं.

पहिली गोष्ट लिहायची ती वेग. थरथर किती किलोमीटरला सुरू होते, कुठे सर्वांत जास्त असते, कुठे कमी होते. दुसरी, ती हाताला जाणवते की बुडाखाली. स्टिअरिंग हलत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत आहे. सीट, फरशी आणि मागचं बाक थरथरत असेल तर मागची चाकं, शाफ्ट किंवा हौसिंग. फक्त ब्रेक दाबल्यावर हादरे येत असतील तर ड्रम किंवा डिस्क. तो विषय वेगळा आहे आणि त्यासाठी शाफ्ट खोलायची गरज नाही.

तिसरी गोष्ट गिअरची. समजा ७० ला थरथर येते. चौथ्यात ७० ने चालवा, मग पाचव्यात ७० ने. इंजिनाचे फेरे बदलले, गाडीचा वेग तोच राहिला. थरथर जशीच्या तशी राहिली तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे, म्हणजे शाफ्ट, हौसिंग, एक्सल, चाकं. थरथर बदलली किंवा दुसऱ्याच वेगाला गेली तर इंजिन, क्लच आणि फाउंडेशनकडे वळा.

चौथी परीक्षा क्लचची. थरथर चालू असताना ॲक्सिलरेटर सोडा, क्लच पूर्ण दाबा आणि गाडी आपल्या वेगाने जाऊ द्या. चावी बंद करायची नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही. चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं, आणि इंजिन बंद पडलं की ब्रेकची मदतही थोड्याच दाबांत संपते. क्लच दाबूनही थरथर तशीच राहिली तर चाकं किंवा शाफ्टचा बॅलन्स. क्लच दाबताच गेली तर दोन शक्यता उरतात. एक, इंजिन. दुसरी, जोर आल्यावरच त्रास देणारी जागा, म्हणजे क्रॉसचा कोन, झिजलेला क्रॉस, पिनियनचं (शाफ्टने फिरणाऱ्या, हौसिंगच्या तोंडातल्या दात्यांच्या चाकाचं) बेअरिंग. या दोन्ही वेगळ्या करायला गाडी उभी करा, न्यूट्रलमध्ये ठेवा आणि इंजिन हळूहळू त्याच फेऱ्यांपर्यंत न्या. उभ्या गाडीत थरथरलं तर इंजिन, फाउंडेशन, फॅनचं तुटलेलं पातं किंवा चेसिसला टेकलेला सायलेन्सर. नाही थरथरलं तर शाफ्टच्या बाजूला शोधा. एक लक्षात असू द्या, छोट्या हत्तीचं दोन सिलिंडरचं आणि नव्या बोलेरोचं तीन सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत चार सिलिंडरपेक्षा थोडं जास्त हलतंच. तो दोष नाही.

पाचवी गोष्ट थरथरीची चाल. हे थोडं हिशोबाचं आहे, पण एकदा समजलं की आयुष्यभर उपयोगी पडतं. बोलेरोचं २१५/७५ आर १५ टायर एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातं. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे चाकाचे सेकंदाला दहाच्या आसपास फेरे. चाकाचा दोष म्हणजे सेकंदाला दहा हादरे. ते जाड, संथ असतात, डॅशबोर्डवरच्या पाण्याच्या बाटलीत दिसतात. शाफ्ट मात्र चाकाच्या चारेक पट फिरतो, म्हणजे सेकंदाला चाळीसच्या आसपास. शाफ्टचा बॅलन्स गेला तर हादरे मोजता येत नाहीत, फरशीखाली घुमणारा आवाज आणि बारीक थरथर येते, पायाला मुंग्या आल्यागत. क्रॉसच्या कोनाचा दोष त्याहून दुप्पट वेगाचा, कारण क्रॉस तिरका चालला की एका फेऱ्यात दोनदा झटका देतो. लहान चाकांच्या ईकोत चाकाचे फेरे ८० ला बारा-तेरा धरा. संथ हादरा म्हणजे चाक, बारीक गुणगुण म्हणजे शाफ्ट, एवढं ओळखता आलं तरी पुष्कळ झालं.

सहावी गोष्ट ओझ्याची. रिकामी गाडी थरथरते की भरलेली? चार सवाऱ्या असताना काय होतं आणि कापूस भरल्यावर काय होतं? हे लिहाच. पिकअप आणि क्रूझरवाल्यांसाठी हाच सर्वांत मोलाचा धागा ठरतो, तो पुढे येईल.

आता गाडी उठवताना धरणारी थरथर. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, चढावर, ओझं असताना गाडी कुथते आणि फरशी धडधडते. क्लच अर्धा असतानाच धडधड असेल आणि पाय पूर्ण काढल्यावर थांबत असेल तर क्लच प्लेट. पाय काढल्यानंतरही पंचवीस-तीसच्या वेगापर्यंत चालू राहिली तर सेंटर बेअरिंगचं रबर, क्रॉस किंवा सैल पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या).

एवढं लिहून झालं की वहीत असं काहीतरी दिसेल: "रिकामी गाडी, ६५ पासून सुरू, ७५ ला जास्त, ९० ला कमी, चौथ्या-पाचव्या दोन्हीत सारखी, क्लच दाबला तरी राहते, बुडाखाली, बारीक." हा कागद मिस्त्रीला दाखवला तर चांगला मिस्त्री लगेच म्हणेल, भाऊ, शाफ्ट काढून बॅलन्स तपासू. नुसतं "गाडी थरथरते" म्हणून चावी दिली तर त्याच्या हातीही अंदाजच उरतो.

गाडीखाली जाण्याआधी

मागच्या ओढीच्या गाडीत एक गोष्ट जिवाची आहे. आपल्या या बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि गिअरही मागचीच चाकं धरतो. मागचा भाग उचलला की दोन्ही निकामी होतात आणि गाडीला धरायला काहीच उरत नाही. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ओंडके किंवा दगड लावल्याशिवाय जॅक लावायचा नाही. काळ्या मातीवर जॅक लावू नका. वरून कडक दिसली तरी ओझ्याने जॅक खाली जातो. पक्क्या ओट्यावर, शाळेजवळच्या सिमेंट रस्त्यावर, नाहीच तर जाड फळीवर लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, हौसिंगच्या दोन्ही बाजूंना घोडी (उभा लोखंडी आधार) लावा. घोडी चेसिसला न लावता हौसिंगखाली लावायचं कारण असं की हौसिंग लोंबकळलं की शाफ्टचा कोन बदलतो आणि तपासणी चुकते.

घोडीवर ठेवलेली गाडी गिअरमध्ये टाकून चाकं पळवायची आणि शाफ्ट पाहायचा, हा प्रकार काही गॅरेजमध्ये चालतो. नवीन माणसाने तो करू नये. हाताने फिरवून पुरेसं कळतं.

खाली काय पाहायचं

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला, पुढच्या चाकांना ओंडके. शाफ्ट एका हाताने धरा, दुसऱ्या हाताने फ्लँज (शाफ्ट जिथे बोल्टने जोडला जातो ती चकती), आणि उलट-सुलट पिळा. मग वर-खाली, आजूबाजूला हलवा. क्रॉसमध्ये हाताला जाणवेल इतकाही प्ले असायला नको. क्रॉसच्या चार टोकांवरच्या चारही टोप्या जवळून पाहा. टोपीच्या कडेला तांबूस, गंजासारखी भुकटी दिसली तर आतलं ग्रीस संपलं आहे आणि बेअरिंगच्या सुया लोखंडावर लोखंड घासताहेत. असा क्रॉस हळू चालताना चिमणीसारखा चूं-चूं करतो आणि गिअर बदलताना टक् वाजतो. रपट्यावरून पाण्यातून गाडी वारंवार जात असेल तर ग्रीस धुऊन जातं. ग्रीस भरायचा निप्पल असेल तर चारही टोप्यांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस गन मारा. एका टोपीतून येत नसेल तर ती बाजू कोरडीच राहिली आहे. काही क्रॉस सीलबंद असतात, त्यांना निप्पल नसतो.

झिजलेला क्रॉस घेऊन गाडी पळवू नका. क्रॉस तुटला आणि शाफ्टचं पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं तर गाडी उलटू शकते. सवाऱ्या नेणाऱ्यांनी टक् आवाज आला की त्याच दिवशी खाली पाहावं.

लांब गाड्यांना दोन तुकड्यांचा शाफ्ट असतो, कारण एकच लांब पाइप जास्त वेगात धनुष्यासारखा वाकायला लागतो. दोन तुकड्यांमध्ये सेंटर बेअरिंग असतं, रबरात बसवलेलं. रबराला चिरा, किंवा शाफ्ट वर-खाली केल्यावर खूप हलणं, हे बदलायचं लक्षण. रबर थोडं हलणारच, ते बेअरिंगला मोकळीक द्यायलाच आहे.

आता पाइप पाहा. दगड लागून पोचा आलाय का? पाइपवर वेल्ड केलेल्या लहान पट्ट्या असतात, त्या बॅलन्सच्या आहेत. एखादी निघाली असेल तर तिथे वेगळ्या रंगाचा चौकोनी डाग राहतो. पाइप वाकडा आहे का हे घरच्या घरी पाहता येतं. एका विटेवर खडू असा बसवा की तो पाइपला जेमतेम टेकेल, मग शाफ्ट हळूहळू हाताने फिरवा. सगळीकडे सारखी रेघ उमटली तर सरळ. एकाच बाजूला रेघ आणि बाकी कोरडं, तर त्या बाजूला पाइप बाहेर आलेला आहे. डायल गेजने मोजलं तर बहुतेक गाड्यांना पाऊण-एक मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो.

मग फेज. शाफ्टच्या दोन्ही टोकांची, क्रॉस धरणारी दोन बोटांची शिंगं एका रेषेत असायला हवीत. एका क्रॉसने दिलेला झटका दुसरा क्रॉस उलटा देऊन पुसून टाकतो, पण शिंगं एका रेषेत असतील तरच. स्लाइडिंगची (शाफ्टच्या मागे-पुढे सरकणाऱ्या जोडाची) दांतरी एक-दोन दाते फिरवून बसवली गेली की दोन्ही झटके एकमेकांत मिसळून वाढतात. "क्रॉस टाकल्यापासून थरथर सुरू झाली" या तक्रारीत मी सर्वांत आधी हेच पाहतो. म्हणून शाफ्ट काढण्याआधी पांढऱ्या रंगाने खुणा करा, फ्लँजवर, शाफ्टवर, स्लाइडिंगच्या दोन्ही भागांवर. दोन मिनिटांचं काम आहे. ज्या गाडीत शाफ्टचं टोक थेट गिअरबॉक्समध्ये घुसतं, तिथे ते काढलं की ऑइल वाहतं, प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवा.

पाटे आणि कोन

इथे आपल्याकडच्या गाड्यांचं खरं दुखणं आहे. ओझं जास्त नेता यावं म्हणून मागे एक-दोन पाटे जादा टाकलेले असतात. गाडी मागून उचलली जाते, शाफ्टचा उतार वाढतो आणि क्रॉस जास्त तिरके चालू लागतात. अशी गाडी रिकामी थरथरते आणि भरली की शांत होते. उलट जुने, बसलेले पाटे असतील तर रिकामी ठीक आणि भरलेली थरथरते. वहीतली ओझ्याची नोंद इथे कामाला येते. पाटे हौसिंगला बांधणारे यू-बोल्ट सैल असतील किंवा सेंटर बोल्ट तुटला असेल तर हौसिंग जागेवरून सरकतं, तेही पाहा. हंगामात यू-बोल्ट दर महिन्याला आवळलेले बरे.

कोन मोबाइलने मोजता येतो. लेव्हलचं ॲप घ्या, गाडी चारही चाकांवर उभी असू द्या, आणि तीन ठिकाणी मोजा: गिअरबॉक्सचं मागचं टोक, शाफ्टचा पाइप, पिनियनची फ्लँज. फ्लँजचा पृष्ठभाग उभा असतो, तिथे ९० अंशांचा फरक धरा. समजा मागच्या बाजूला उतार गिअरबॉक्सचा ३, शाफ्टचा ६ आणि पिनियनचा ३ निघाला. पुढच्या क्रॉसचा कोन ६ वजा ३, म्हणजे ३, मागचाही ३. जोडी जुळली. पिनियन ५ निघाला तर मागे १ च अंश उरतो आणि फरक २ अंशांचा होतो, अशी गाडी थरथरणार. दोन्ही कोनांत एका अंशापेक्षा जास्त फरक नसावा, आणि कोन तीन अंशांच्या आसपास किंवा त्याखाली राहिलेले चांगले. अगदी शून्यही नको, सुया फिरण्यासाठी थोडा तिरकेपणा लागतोच. पाटा आणि हौसिंगमध्ये तिरकी पाचर टाकून पिनियनचा कोन सुधारता येतो. दोन तुकड्यांच्या शाफ्टला तीन सांधे असतात, तिथे हा हिशोब अनुभवी माणसाकडून करून घ्या. जादा पाटा काढणं हा स्वस्त आणि खरा उपाय, पण तो सांगितला की मालकांना पटत नाही. क्रॉस दर हंगामात बदलण्याच्या खर्चाशी ताडून पाहावं.

हौसिंग आणि चाकं

पिनियनची फ्लँज वर-खाली हलवून पाहा. तिथे प्ले असेल तर पिनियनचं बेअरिंग गेलं. मोठा पाना घेऊन तो नट स्वतः आवळू नका. त्याचा ताण मोजून ठेवलेला असतो, जास्त आवळला तर बेअरिंग जळतं आणि क्राऊन-पिनियनही जातं. ऑइलची पातळी भरायच्या बोल्टमधून बोटाने तपासा. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलं आहे, चकाकणारे कण असतील तर दाते झिजताहेत.

चाक हाताने फिरवून टायरजवळ काडी धरली की चाक आउट आहे का कळतं. फट दीड मिलिमीटरपेक्षा जास्त कमी-अधिक होत असेल तर रिम किंवा टायर तपासायला द्या. ओझ्याने वाकलेला एक्सलही असाच दिसतो. फरक कळायला दुसरं चाक त्याच जागी लावून पाहा. चारही टायर एका मापाचे असतील तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकून त्याच रस्त्यावर जा. थरथर बुडाखालून स्टिअरिंगवर आली तर दोष चाकांत. या अदलाबदलीला पैसा लागत नाही, म्हणून ती बॅलन्सिंगच्या आधी करावी.

शाफ्ट बॅलन्सिंगचं मशीन तालुक्याला सहसा मिळत नाही, ट्रान्सपोर्टच्या गाड्या जिथे येतात अशा मोठ्या शहरात न्यावं लागतं. शाफ्ट नेताना नवे क्रॉस आधीच बसवून, दोन्ही तुकडे आणि सेंटर बेअरिंग जोडून, अख्खा न्या. तुकडे वेगवेगळे बॅलन्स करून नंतर जोडले की पुन्हा फरक पडू शकतो.

बसवताना खुणा जुळवा, टोप्यांचे लॉक पूर्ण बसलेत का बोटाने फिरवून पाहा, ताणलेले फ्लँज बोल्ट पुन्हा वापरू नका. शंभरेक किलोमीटर चालल्यावर फ्लँजचे आणि यू-बोल्टचे नट परत तपासा. मग तोच रस्ता, तेच ओझं, तीच वही घेऊन पुन्हा एक फेरी मारा आणि आधीच्या नोंदीखाली नवी नोंद लिहून ठेवा.